पाचशेच्या कागदावरचा काडीमोड

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण घटस्फोटाच्या बाबतीत जरा जास्तच ऐकवली जाते. ऐकवणारे वाईट हेतूचे नसतात. त्यांचे म्हणणे असे की, दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसवावीत, दिलेघेतलेले परत करावे, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहावी आणि नोटरीचा शिक्का मारून मोकळे व्हावे. पैसा वाचतो, वेळ वाचतो, बोभाटा होत नाही. कागदावरची वाक्येही ठरलेली असतात : यापुढे दोघांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिलेला नाही, दोघे दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत, पत्नी पोटगी मागणार नाही. खाली दोन पंचांच्या सह्या.

अडचण एवढीच की या कागदाने मोकळे कोणीच होत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्याने मोडते. नोटरी फक्त सही कोणी केली याची खातरजमा करतो. यावर कोणी म्हणेल, आमच्यात काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खरे आहे, आणि कायद्याच्या कलम २९ने अशा रूढीला जागाही ठेवली आहे. पण ती रूढी त्या समाजात प्राचीन आणि अखंड चालत आलेली आहे, हे जो सांगतो त्यानेच सिद्ध करायचे असते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणजे ज्या कोर्टाला टाळण्यासाठी कागद केला, त्याची किंमत ठरवायला पुन्हा कोर्टच.

खरी झळ बसते ती पुढे. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल असते, शिवाय तो गुन्हा. अशा लग्नातली स्त्री पोटगीपुरती ‘पत्नी’ ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला होता. २०२५च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने, पहिल्या नवऱ्यापासून लेखी करारावर वेगळ्या झालेल्या एका स्त्रीला दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मिळवून दिली. निकाल उदार आहे; पण उच्च न्यायालयात हरल्यावर तिला त्यासाठी दिल्ली गाठावी लागली, हेही विसरू नये. कागदावरच्या तिसऱ्या वाक्याला तर काहीच अर्थ नाही, कारण पोटगीचा हक्क खासगी कराराने सोडता येत नाही, असे न्यायालये पुनःपुन्हा सांगत आली आहेत. ते वाक्य टिकत नाही, पण बाईला घाबरवायला पुरते.

आता चव्हाट्याचा मुद्दा. घटस्फोटाचे कामकाज बंद खोलीत चालते आणि ते छापण्यावर कलम २२चे बंधन आहे. चार पंचांच्या बैठकीवर असले कोणते बंधन आहे? दोघांचे एकमत असेल तर १९७६पासून कलम १३-ब आहे : वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, आरोप सिद्ध करायची गरज नाही. दोन टप्प्यांमधला सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो, हे २०१७ साली ठरले आहे. आणि तो थांबा निव्वळ छळ नाही. दडपणाखाली संमती देणाऱ्याला हुकूमनामा होईपर्यंत ती मागे घेता येते. ही सोय बैठकीतल्या सहीला नाही.

एकतर्फी अर्जाला मात्र उशीर होतो आणि त्याचे समर्थन करण्यात अर्थ नाही. दावा सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो; तारखांचा अनुभव वेगळे सांगतो. पण त्यावर उपाय न्यायाधीश आणि समुपदेशक वाढवणे हा आहे. शिवाय त्या रखडलेल्या काळातही कलम २४खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, मुलांच्या ताब्याबाबत आदेश मिळतो, आणि पत्नीला आपण राहतो तिथल्याच न्यायालयात अर्ज करता येतो. १९८७च्या विधी सेवा कायद्याने तर कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. सोडचिठ्ठीवर सही करण्याआधी तिथे जाऊन एकदा विचारा.