आधी घरचा काळू, मग भरतपूर

२०२४ च्या वेतनसुधारणेची थकबाकी हाती आली आणि आमच्या शाखेतील कॅमेरेधारकांत माझीही भर पडली. जयपूरला बदलीवर आलेल्या माणसाला भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान खुणावणारच. दिवाळीत कॅमेरा घेतला आणि त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी मी तेथे जाऊन चित्रबलाकांची सुमारे चारशे छायाचित्रे घेऊन परतलो. त्यांतील धड म्हणावीत अशी सात निघाली; तीही पक्षी झोपेत असताना घेतलेली. कॅमेऱ्याची चकती 'ऑटो'वर होती आणि बाकीची बटणे कशासाठी असतात, याचा मला पत्ता नव्हता.

या अनुभवातून बनलेले माझे मत वाचकांपुढे मांडतो. नवा कॅमेरा घेणाऱ्याने पहिले काही महिने त्याला घेऊन प्रवासास निघू नये. घरी कुत्रे वा मांजर असेल, तर त्याच्यावरच हात बसवावा. जंगलातील पक्षी एकदा उडाला की उडाला. घरचे जनावर मात्र रोज त्याच वेळी, त्याच खिडकीशी येऊन बसते. आज चुकलेले उद्या त्याच उजेडात पुन्हा करून पाहता येते. (मुलांवर हा सराव का करू नये, असे कोणी विचारील. मुले कॅमेरा दिसताच दोन बोटे वर करतात, हे त्याचे उत्तर.)

आमचा काळू तेरा वर्षांचा आहे. तो मूळचा माझ्या वडिलांचा. २०२२ मध्ये वडील गेले आणि आई साताऱ्याहून माझ्याकडे आली, ती काळूला घेऊनच. मी कॅमेरा आणलेला पाहून आई एवढेच म्हणाली, "याचा एक नीट फोटो काढून ठेव रे." तिच्या बोलण्याला कारण होते. वडिलांसोबतचे काळूचे जेवढे फोटो आमच्याकडे आहेत, त्या सर्वांत वडील स्वच्छ दिसतात आणि त्यांच्या पायाशी नुसता एक काळा डाग दिसतो. डोळे नाहीत, नाक नाही.

हा डाग का पडतो, हे काळूनेच मला शिकवले. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. मागे अंगणातील चुना दिलेली भिंत असेल, तर तो उजेड कमी करतो आणि काळे कुत्रे अंधारात बुडते. उलट त्याच कुत्र्याने सारी चौकट व्यापली, तर मापक उजेड वाढवतो आणि काळू राखाडी दिसू लागतो. पहिल्या प्रसंगी एक्स्पोजर एक-दीड पायरी वाढवावे, दुसऱ्या प्रसंगी तेवढेच उतरवावे. यासाठी अधिक-उणे चिन्हांचे एक बटण बहुतेक कॅमेऱ्यांवर असते. एका दिवसाच्या कार्यशाळेत हे मला सांगितले गेले होते. कळले मात्र काळूपुढे जमिनीवर पोट टेकून झोपल्यावर.

शटर, अॅपर्चर आणि आयएसओ यांचे नाते वाणिज्य शाखेच्या माणसाला परके वाटू नये. ती दुहेरी नोंदच आहे. सकाळी खिडकीजवळ १/६० सेकंद, एफ/४ आणि आयएसओ ४०० ला बसलेला काळू ठीक येत असे; पण त्याने मान झटकली की सारे पुसट. शटर १/५०० वर नेले, म्हणजे उजेड तीन पायऱ्यांनी घटला. ही तूट कोठून तरी भरून काढलीच पाहिजे: एफ/४ वरून एफ/२ वर आल्याने दोन पायऱ्या आणि आयएसओ ८०० केल्याने एक. कॅमेऱ्यासोबत येणारे लेन्स एफ/२ पर्यंत उघडत नाही. तेथे आयएसओ थेट ३२०० करून फोटोतील रवाळपणा सोसावा लागतो. म्हणून महागड्या कॅमेऱ्यासाठी हप्ते वाढवून घेण्यापेक्षा साध्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ/१.८ चे लेन्स घ्यावे, असे मी बँकेत नोकरीस असूनही सुचवीन. तेही पूर्ण उघडे ठेवून फार जवळ जाऊ नये. कुत्र्याचे तोंड लांब. नाक स्पष्ट येते आणि डोळे धूसर होतात.

रात्री आणखी एक गंमत झाली. ट्यूबलाइटखाली १/५०० ला काही फोटो पिवळसर, काही गडद, तर काहींवर आडवे पट्टे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० वर आणले आणि पट्टे गेले. फ्लॅश मात्र मी वापरला नाही. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. फ्लॅशमध्ये ते डोळे भुतासारखे हिरवे चमकतात आणि जनावर दचकते ते वेगळेच.

आता कॅमेरेच प्राण्याचा डोळा शोधतात, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न तरुण सहकारी करतात. २०१९ पासून ही सोय आली आहे आणि ती उपयुक्त आहे, हे मी मान्य करतो. पण डोळा सापडला तरी काळ्या रंगाला किती काळे ठेवायचे आणि शेपटीची हालचाल गोठवायची की पुसट राहू द्यायची, हे कॅमेरा कशाच्या आधारे ठरवणार? काळू कसा दिसतो, ते आम्हाला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा भरतपूरला गेलो. दीडशेच फोटो काढले, त्यांतील चाळीसएक ठेवले. काळूचा आईला हवा होता तसा फोटोही मिळाला आहे. मात्र त्यात तोंडावरचे पिकलेले केस फार स्पष्ट आले, अशी तिची तक्रार आहे. हल्ली तो दिवसाचा बहुतेक वेळ खिडकीशी झोपून असतो. १/५०० ची गरज पडत नाही, १/६० पुरते.