हे कशावरून?

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या शेतात घट मांडला जातो. भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा किती हलला, ढेकूळ किती भिजलं, यावरून पीकपाण्याचं भाकीत ऐकायला गर्दी जमते. त्या गर्दीत आम्हीही उभे राहिलो आहोत, हसायला नव्हे.

याच जिल्ह्यात लोणार आहे. हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बरीच वर्षं चालला. उत्तर सापडलं ते खडकात: प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच तिथे मिळाली. वय मात्र आधी सुमारे 50 हजार वर्षं मानलं जाई, पुढच्या मोजणीत ते साडेपाच लाखांच्या वर गेलं. जून 2020 मध्ये विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. रंग होता खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा.

पेरणी तोंडावर आली की शेतकरी घटही ऐकतो, हवामान खात्याचा अंदाजही पाहतो. शेवटी तिफण धरतो ती ओल बोटाने चाचपून. आम्हाला या अंकात त्या बोटापाशी थांबायचं आहे. भाकितं पडताळायची कशी, चुकलेली आपण का विसरतो, हे लेखकांना विचारलं आहे. तुमच्या घरी भाकितांची जुनी टिपणं असतील, तर पावसाच्या नोंदींशेजारी मांडून आम्हाला पाठवा. न जुळलेलीसुद्धा.