हिमनगांची जन्ममृत्यूची वही

डहाणू तालुक्यातील सायवनच्या डोंगराळ मुलखात पाण्याची चिंता असते ती विहिरीच्या तळाशी मृगापर्यंत किती उरेल याची. तिथल्या माणसाला दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. पण आकाशातून पाहणाऱ्याला ही दोन ठिकाणे तितकीशी दूर नाहीत. भारत आणि अमेरिकेने मिळून घडवलेला ‘निसार’ हा राडार-उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. दर बारा दिवसांनी तो त्याच वाटेने जातो आणि सायवनच्या माथ्यावरून दक्षिणेकडे निघाला की सुमारे पंचवीस मिनिटांत अंटार्क्टिकापाशी पोहोचतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण केले, धुंदलवाडी परिसरातल्या लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. अशा ठिकाणची जमीन किती सेंटिमीटर खचली वा सरकली, हे राडारच्या दोन वेळच्या चित्रांची तुलना करून काढता येते. बर्फाची चाल मोजायची तीही अशाच चित्रांवरून.

हिमनगाच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या बहुधा नवलाईच्या सदरात. ‘मुंबईच्या इतक्या पट हिमनग सुटला’ एवढे वाचून आपण पान उलटतो. आकार खरोखरच थक्क करणारे असतात, यात शंका नाही. जुलै २०१७ मध्ये सुटलेला ए-६८ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे आपल्या साऱ्या पालघर जिल्ह्याहून थोडा मोठाच. मार्च २००० मधला बी-१५ तर अशा दोन जिल्ह्यांएवढा. परंतु या महाकाय तुकड्यांना नावे कोण देते, आणि ते पुढे कुठे जातात हे कोणाला कसे कळते, हा भाग बातमीत क्वचितच असतो.

नावे अमेरिकेचे राष्ट्रीय हिम केंद्र देते. अंटार्क्टिकाचे चार भाग पाडून त्यांना ए, बी, सी, डी ही अक्षरे दिली आहेत. ज्या भागात हिमनग जन्मला ते अक्षर आणि पुढे अनुक्रमांक. भारताची मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रे ‘डी’ भागात येतात. हिमनगाच्या घरात वाटण्या झाल्या की थोरल्या तुकड्याला ‘ए’, धाकट्याला ‘बी’ अशी शेपटे जोडली जातात. तलाठ्याच्या दप्तरात पोटहिस्से पडतात, तसाच हा प्रकार.

ही वही भरायला साधा कॅमेरा पुरत नाही. तिथे अर्धे वर्ष काळोख आणि उरलेले अर्धे वर्ष ढग. थ्वाइट्स हिमनदीपासून १९९२ साली सुटलेला बी-१०ए असाच काळोखात आणि ढगांत दिसेनासा झाला होता. तो सापडला १९९९ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ, जहाजांच्या वाटेवर. त्याला शोधले ते क्विकस्कॅट उपग्रहावरच्या एका उपकरणाने, आणि गंमत अशी की ते उपकरण हिमनगांसाठी बनवलेलेच नव्हते. त्याचे नाव स्कॅटरोमीटर. ते समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून पाण्यावरच्या बारीक लाटा, म्हणजेच वारा, ओळखते. बर्फावरून लहरी जोराने परततात, म्हणून काळसर समुद्रात हिमनग पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. ढग असो वा रात्र, फरक पडत नाही. फक्त उन्हाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग ओलावला की ठिपका फिका पडतो, तेव्हा माग काढणाऱ्यांची कसोटी लागते.

नोव्हेंबर २००९ मध्ये क्विकस्कॅटची फिरती अँटेना थांबली. दोनच महिने आधी भारताचा ओशनसॅट-२ उडाला होता, त्यावर असेच उपकरण होते. ते पाठवले होते वादळे आणि वारे पाहण्यासाठी. झाई-बोर्डीच्या मच्छीमाराला होडी लोटायची की नाही हे सांगणारे अंदाज अशाच मोजणीतून बांधले जातात. तीच आकडेवारी हिमनगांच्या वहीतही जाऊ लागली. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी? घरातल्या मुलांना एक प्रयोग करून पाहू द्यावा. काठोकाठ पाण्याच्या पेल्यात बर्फ तरंगत ठेवा. तो विरघळला तरी पाणी सांडत नाही. हिमनग आधीच तरंगत असतो, त्यामुळे त्याच्या वितळण्याने समुद्र जवळजवळ चढत नाही. काळजी आहे ती त्याच्या मागच्या, जमिनीवरच्या बर्फाची. किनाऱ्याला लागून असलेली तरंगती हिमपठारे त्या बर्फाला बांधासारखी अडवून धरतात. २००२ साली लार्सन-बी या पठाराचा ३,००० चौरस किलोमीटरहून मोठा भाग काही आठवड्यांत फुटला, आणि मागच्या हिमनद्यांचा वेग वाढला. तो बर्फ समुद्रात उतरला की पाणी चढते, आणि मग अंटार्क्टिका आणि डहाणूची खाडी यांत भेद राहत नाही.

म्हणून प्रत्येक हिमनग म्हणजे हवामान बदलाचा पुरावा असे मात्र नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये, भारती केंद्र ज्या उपसागरावर आहे तिथल्या ॲमरी हिमपठाराचा १,६०० चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा, डी-२८, सुटला. शास्त्रज्ञांनी त्यात वावगे काही पाहिले नाही. तिथे याआधीचा मोठा तुकडा १९६३-६४ च्या सुमारास सुटला होता, म्हणजे हे रहाटगाडगे साठेक वर्षांचे. ए-२३ए ची गोष्ट त्याहून बोलकी. १९८६ मध्ये फिल्चनर हिमपठार फुटले तेव्हा त्या हिमनगाबरोबर सोव्हिएत रशियाचा एक तळही वाहून निघाला. पुढे हा हिमनग तळाला रुतून तीसहून अधिक वर्षे जागेवर बसला, २०२० च्या सुमारास हलू लागला, २०२४ मध्ये समुद्रातल्या भोवऱ्यात अडकून महिनोन्‌महिने एकाच जागी गरगरत राहिला आणि २०२५ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटापाशी येऊन तुटू लागला. एका हिमनगाचे आयुष्य चाळीस वर्षांचे आणि उपग्रहाचे पाच-सात वर्षांचे! नेहमीचे कोणते आणि विपरीत कोणते, हे कळायचे तर वहीत खंड पडता कामा नये.

आमची तक्रार नेमकी इथे आहे. ओशनसॅट-२ चे उपकरण २०१४ च्या फेब्रुवारीत बंद पडले. स्कॅटसॅट-१ उडाला सप्टेंबर २०१६ मध्ये. तोही फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबला आणि ईओएस-०६ उडायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. आपली पाने दोनदा कोरी राहिली. युरोपच्या उपग्रहांमुळे जगाचे अडले नाही, एवढेच. ईओएस-०६ ला नोव्हेंबर २०२७ मध्ये पाच वर्षे पुरी होतील. त्याच्या जागी येणारे उपकरण त्याआधी आकाशात असेल काय, हे किनारपट्टीच्या खासदारांनी लोकसभेत विचारायला हवे, आणि उत्तरात तारीख मागायला हवी.