विश्लेषण : ‘पिकअप’ घेणे का महागले? जीएसटी कपातीचा फायदा खान्देशात नेमका किती उरला?

केळीचे घड बागेतून पॅकहाऊसपर्यंत, कापूस घरातून जिनिंगपर्यंत, कांदा चाळीतून बाजार समितीपर्यंत. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतमालाचा पहिला प्रवास आज बहुतांशी पिकअपमधून होतो. अनेक तरुणांसाठी हेच वाहन रोजगाराचे साधनही आहे. मात्र गेल्या काही वर्षांत नवी पिकअप दारात आणण्याचा खर्च वाढत गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर (जीएसटी) कमी झाला, पण त्याआधी जुलैमध्ये राज्याचा वाहन कर वाढला होता. या दोन निर्णयांची बेरीज-वजाबाकी केली तर खरेदीदाराच्या हातात काय उरते, याचा हा आढावा.

खान्देशात पिकअपचे महत्त्व इतके का?

रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर हा केळीचा पट्टा आहे. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर भारतात जाणारी केळी मोठ्या ट्रकमधून जात असली तरी बागेकडे जाणाऱ्या अरुंद शिवाररस्त्यांवर दहा चाकी वाहन वळत नाही. तिथे ट्रॅक्टर किंवा पिकअपच लागते. धुळे जिल्ह्यात साक्री, पिंपळनेर भागातील कांदा व भाजीपाला, शिरपूर-शिंदखेड्यातील कापूस आणि दूध संकलन याच वाहनांवर अवलंबून आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे नाशिक, सुरत आणि इंदूर या तिन्ही बाजारांकडे लहान मालवाहू वाहनांची ये-जा असते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पीव्हीसी पाइप, चटई आणि डाळ उद्योगांचा किरकोळ मालही यातूनच फिरतो.

कायद्यानेही हे वाहन सोयीचे ठरले आहे. एकूण वजन (वाहन आणि माल मिळून) तीन हजार किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘मुकुंद देवांगन’ प्रकरणात हे स्पष्ट केले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे शेती सांभाळून, घरच्याच माणसाने चालवण्याजोगा हा व्यवसाय आहे. म्हणूनच त्याच्या किमतीचा प्रश्न थेट गावापर्यंत पोहोचतो.

किमती किती वाढल्या?

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला ‘छोटा हत्ती’ बाजारात आणला, तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास होती. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘एस प्रो’ची किंमत ३.९९ लाखांपासून सुरू झाली आणि ती पेट्रोल आवृत्तीची होती. दीड-दोन टन माल वाहणाऱ्या मोठ्या पिकअपचे गणित वेगळेच आहे. महिंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ची नवी श्रेणी आणली, ती ७.८५ लाखांपासून साधारण १०.३३ लाखांपर्यंत. सप्टेंबर २०२४ मधील ‘व्हीरो’ ७.९९ लाखांपासून सुरू झाली. या साऱ्या शोरूम किमती. वाहन कर, नोंदणी, विमा, फास्टॅग, तसेच मागच्या हौद्याला लावायची जाळी, ताडपत्री आणि पाट्यांचे जादा काम धरले की रस्त्यावर येईपर्यंत आकडा बराच पुढे जातो.

किंमतवाढीमागची कारणे काय?

पहिले मोठे कारण प्रदूषणाचे मानक. देशाने बीएस-५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू केले. डिझेल इंजिनांत सूक्ष्म कण अडवणारे फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा, अनेक सेन्सर आणि संगणकीय नियंत्रण आले. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनही मर्यादेत असावे लागते आणि त्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा वाहनातच असावी लागते. धूर कमी झाला हा फायदा निर्विवाद आहे, पण त्याची किंमत वाहनाच्या किमतीत मिळवली गेली.

दुसरे कारण कच्चा माल. उत्प्रेरकात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू लागतात. करोनानंतरच्या काळात पोलादही महागले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने आयात होणाऱ्या सपाट पोलादावर १२ टक्के हंगामी संरक्षण शुल्क लावले. त्यामुळे स्वस्त आयातीचा दबाव कमी झाला. तिसरे कारण ग्राहकाच्या अपेक्षा. पॉवर स्टिअरिंग, जास्त वजन पेलणारी चासी, मोठा हौदा आणि मोबाइलवर वाहनाचा ठावठिकाणा दाखवणारी सोय आता अनेक मॉडेलमध्ये येते. या प्रत्येक गोष्टीचे पैसे किमतीत असतात.

राज्याचा वाहन कर कसा बदलला?

१० मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर सात टक्के एकरकमी कर अनिवार्य करण्याचा प्रस्ताव होता. त्यातून सुमारे ६२५ कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित धरले होते. १ जुलै २०२५ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी हा कर वाहनाच्या वजनावर ठरत असे, आता तो किमतीवर ठरतो. त्या वेळी दिल्या गेलेल्या उदाहरणानुसार, दहा लाखांच्या पिकअपवर पूर्वी सुमारे २० हजार रुपये कर बसत होता, तो ७० हजारांवर गेला.

आकड्याइतकाच त्यामागचा बदल महत्त्वाचा आहे. वजनावरचा कर वाहन रस्त्याला किती त्रास देते याच्याशी जोडलेला होता. किमतीवरचा कर कंपनीने भाव वाढवला की आपोआप वाढतो. मोटारीसाठी हे तत्त्व जुनेच आहे, पण मोटार हौसेची वस्तू असू शकते आणि पिकअप हे कमाईचे साधन आहे, हा फरक त्यात पुसला जातो. सरकारच्या बाजूने मात्र एक मुद्दा आहे : एकरकमी करामुळे दरवर्षीची भरणा-वसुली आणि थकबाकीचा प्रश्न संपतो.

जीएसटी कपातीने किती दिलासा मिळाला?

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने मालवाहू वाहनांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला तो लागू झाला. मालवाहू वाहनांच्या तृतीय पक्ष विम्यावरील जीएसटीही १२ वरून पाच टक्क्यांवर आला.

दोन्ही निर्णय एकत्र पाहू. समजा, २८ टक्के जीएसटी धरून पिकअपची शोरूम किंमत दहा लाख होती. मूळ किंमत ७ लाख ८१ हजार २५०. त्यावर १८ टक्के कर लावला तर नवी किंमत ९ लाख २१ हजार ८७५ होते. म्हणजे ७८ हजार १२५ रुपयांची बचत. आता वाहन कर मिळवू :

- जून २०२५ पर्यंत : १० लाख अधिक सुमारे २० हजार = १० लाख २० हजार
- जुलै ते २१ सप्टेंबर २०२५ : १० लाख अधिक ७० हजार = १० लाख ७० हजार
- २२ सप्टेंबरनंतर : ९ लाख २१ हजार ८७५ अधिक सात टक्के म्हणजे सुमारे ६४ हजार ५०० = ९ लाख ८६ हजारांच्या आसपास

जूनच्या तुलनेत खरेदीदाराचे सुमारे साडेतेहेतीस हजार रुपये वाचले. केंद्राच्या पातळीवर मिळालेल्या ७८ हजारांच्या सवलतीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम राज्याच्या वाढीव करात गेली. सर्वाधिक फटका बसला तो जुलै ते सप्टेंबर या पावणेतीन महिन्यांत वाहन घेणाऱ्यांना, कारण त्यांना दोन्हीकडचा जास्त दर भरावा लागला.

कपातीचा लाभ सर्वांना सारखाच आहे का?

नाही, आणि इथे लहान मालकाची बाजू थोडी उजवी ठरते. जीएसटी नोंदणी असलेला उद्योग मालवाहू वाहनावर भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेऊ शकत होता. त्यामुळे २८ काय किंवा १८ काय, त्याच्या दृष्टीने हा प्रामुख्याने खेळत्या भांडवलाचा प्रश्न होता. एकाच पिकअपवर भाडे मारणाऱ्या गावातील मालकाला मात्र ही वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी जीएसटी हा थेट खर्च होता, म्हणून कपातही थेट बचत आहे. याउलट राज्याच्या वाहन कराची वजावट कोणालाच नाही. लहान मालकाला तो सर्वांत जड जातो, कारण तो एकदम आणि बहुतेकदा रोखीने भरायचा असतो.

हप्त्याचे गणित कसे बसते?

बहुतेक पिकअप कर्जावर घेतल्या जातात. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी १२ टक्के व्याजाने घेतले तर मासिक हप्ता सुमारे १७ हजार ८०० रुपये येतो. हाच दर १४ टक्के असेल तर हप्ता १८ हजार ६०० च्या पुढे जातो आणि पाच वर्षांत सुमारे ४९ हजार रुपये जास्त भरावे लागतात. म्हणजे व्याजातील दोन टक्क्यांचा फरक हा वाहन कराच्या वाढीइतकाच मोठा आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२५ पूर्वी ६.५ टक्के होता, तो टप्प्याटप्प्याने कमी होत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. पण लहान मालवाहू वाहनांना प्रामुख्याने कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचे दर स्थिर असतात आणि ग्राहकाच्या जोखमीवर ठरतात. उत्पन्नाचा कागद नसलेल्या तरुणाला रेपो कपातीचा लाभ उशिरा आणि कमी मिळतो.

खान्देशात अडचण हंगामाची आहे. हप्ता बारा महिने असतो, भाडे बारा महिने नसते. महिन्याला २५ दिवस काम असेल तर १७ हजार ८०० रुपयांच्या हप्त्यासाठी रोज ७१२ रुपये बाजूला काढावे लागतात. पण वर्षात १५० दिवसच काम मिळाले तर हाच भार दिवसाला १ हजार ४२४ रुपयांवर जातो, तोही डिझेल, टायर, टोल आणि विमा सोडून. तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ताच या गटासाठी जून २०२२ मध्ये १६ हजार ४९ रुपये ठरवला गेला. जीएसटी पाच टक्के झाल्याने त्यात वाचले ते सव्वाअकराशे रुपये. दुसरीकडे, केळीचे किंवा कांद्याचे भाव पडले की शेतकरी आणि व्यापारी दोघेही पहिला हात भाड्याला घालतात. वाहनाची किंमत वाढली म्हणून फेरीचे दर वाढत नाहीत, कारण त्याच गावात आणखी चार पिकअप उभ्या असतात.

जुने वाहन किंवा इलेक्ट्रिक हा पर्याय आहे का?

नवी किंमत आवाक्याबाहेर गेली की मागणी जुन्या वाहनांकडे वळते आणि तिथलेही भाव चढतात. शिवाय बीएस-६ वाहन जुने घेताना जोखीम वेगळी असते. कमी अंतराच्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत कणांचा फिल्टर चोंदू शकतो. त्याची दुरुस्ती गावच्या गॅरेजमध्ये पान्यावर होत नाही, स्कॅनर लागतो. फारच जुने वाहन ठेवावे तर १५ वर्षांवरील व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढले आहे. अधिकृत केंद्रात वाहन मोडीत काढल्यास नव्या मालवाहू वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. वर दिलेल्या उदाहरणात ती साडेनऊ हजारांच्या घरात जाते.

इलेक्ट्रिक वाहनांना राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार वाहन करात माफी आहे. जळगाव, धुळे शहरांतील ठरावीक फेऱ्यांसाठी ती उपयोगी पडू शकतात. पण पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, रात्रीच्या भाजीपाल्याच्या फेऱ्या आणि तालुक्याच्या गावी चार्जिंगची वानवा पाहता शेतमालासाठी तो पर्याय अजून सहज नाही.

पुढे काय होऊ शकते?

स्वयंरोजगारासाठी काही आधार उपलब्ध आहे. मुद्रा योजनेत पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला दहा लाखांपर्यंतचे कर्ज मिळते. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेत मराठा समाजातील पात्र तरुणांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा साडेचार लाखांच्या मर्यादेत मिळतो. मात्र या योजना व्याजाचा किंवा तारणाचा प्रश्न सोडवतात, सुरुवातीला रोख भरावयाच्या रकमेचा नाही. वाहन कर हप्त्यांत भरण्याची मुभा किंवा एकट्या वाहनाच्या मालकासाठी वेगळा दर असे मार्ग राज्य सरकारपुढे आहेत. केंद्राने कमी केलेल्या करातून बाजारात मागणी वाढली तर राज्याचा महसूलही वाढेल, कारण सात टक्के कर प्रत्येक नव्या वाहनावर मिळणारच आहे. तोवर मुहूर्तावर वाहन घेणाऱ्याने शोरूमच्या फलकावरील किंमत न पाहता कर, विमा आणि पाच वर्षांचे व्याज धरून एकूण रक्कम पाहावी, आणि ती वर्षातील बारा महिन्यांनी नव्हे, प्रत्यक्ष भाडे मिळणाऱ्या दिवसांनी भागून पाहावी.