अंतराचा अदमास

मुखेडमध्ये गोल्फचे मैदान नाही. हा खेळ प्रत्यक्ष पाहावयाचा झाल्यास पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला जावे लागते. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळला, हे आपल्याकडील फारच थोड्यांना ठाऊक असेल. तरीही बसस्थानकाच्या बाकावर, पारावर आणि माझ्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात मुले मोबाइलवर गोल्फ खेळताना दिसतात. ज्या मुलाने गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही, तो 'वारा उजवीकडून आहे, थोडे डावीकडे पडेल' असे सहज बोलून जातो. या खेळाकडे वैद्यकाच्या नजरेने पाहिल्यास बरेच काही शिकण्यासारखे आहे.

पडद्यावरचा हा खेळ म्हणजे मुख्यतः हिशेब होय. खड्डा किती यार्डांवर आहे, वारा ताशी किती मैलांनी व कोणत्या दिशेने वाहतो आहे, खड्ड्याची जागा चेंडूपेक्षा किती फूट उंच वा खोल आहे, हे सारे आकड्यांत लिहून येते. खऱ्या मैदानावरील खेळाडूंचे काही ढोबळ आडाखे आहेत. तीन फुटांचा चढ असल्यास अंतर एक यार्डाने अधिक धरावे. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी दर मैलामागे अंतर सुमारे एक टक्क्याने वाढवावे. समजा, खड्डा १५० यार्डांवर, म्हणजे साधारण १३७ मीटरवर आहे. चढ १५ फूट आणि समोरचा वारा ताशी १० मैल आहे. चढाचे ५ यार्ड व वाऱ्याचे १५ यार्ड मिळवले, की टोला १७० यार्डांचा मारावा लागतो. हाच वारा पाठीमागून असेल, तर त्याची मदत मात्र जवळजवळ निम्मीच मिळते. समोरच्या वाऱ्यात चेंडू अडतो आणि वर चढून लवकर खाली येतो. पाठीमागचा वारा त्याला तेवढ्या प्रमाणात पुढे नेत नाही. वारा तिरका असेल, तर त्याचा काही भाग आडवा व काही भाग सरळ धरावा लागतो. ४५ अंशांतून येणाऱ्या १० मैलांच्या वाऱ्याचे दोन्ही दिशांना सुमारे सात-सात मैल होतात. प्रत्येक मोबाइल-खेळाचे गणित यापेक्षा थोडेफार निराळे असते, पण विचाराची रीत हीच.

दहा-बारा वर्षांचे मूल असा हिशेब मनातल्या मनात करीत असेल, तर त्याचे कौतुकच केले पाहिजे. 'मोबाइल म्हणजे वाटोळे' असे सरसकट बोलणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. परंतु या कौशल्याला 'नजर' म्हणण्याची चूक करू नये. येथे अंतर डोळ्यांनी मोजलेलेच नसते. ते वाचलेले असते.

खरे अंतर डोळा कसे मोजतो? आपल्या दोन डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे समोरची वस्तू प्रत्येक डोळ्याला किंचित निराळी दिसते. हे दोन चित्रांतील सूक्ष्म अंतर मेंदू जुळवून पाहतो आणि त्यातून खोलीचे ज्ञान होते. सुईत दोरा ओवणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, जिन्याच्या पायरीवर पाऊल टाकणे, अंगावर येणारा चेंडू झेलणे ही सर्व कामे या जोडदृष्टीच्या बळावर सुकर होतात. वस्तू दूर जाऊ लागली, की दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरक घटतो. मग शेताच्या पलीकडील झाड किती लांब आहे हे ठरवताना मेंदू इतर खुणांचा आधार घेतो. झाडाचा ओळखीचा आकार, त्याच्या आड काय झाकले आहे, मधल्या जमिनीची ढेकळे लांब जाताना कशी बारीक होत जातात, दूरच्या डोंगरावर धुरकटपणा किती आहे, अशा त्या खुणा होत. चालताना जवळच्या वस्तू झरझर मागे सरतात आणि दूरच्या जागच्या जागी भासतात, हीही एक खूण. या खुणांचा अर्थ लावण्याचे शिक्षण पायांनी आणि हातांनी, उघड्या जागेत होते.

आपल्याकडे हे शिक्षण पूर्वी फुकट मिळे. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्याला धोंडा किती लांब पडेल, वारा कोठून आहे आणि उतारावर तो किती पुढे जाईल, हे कोणी आकड्यांत सांगत नसे. विटीदांडूत विटी कोठे पडली ते पाहून गडी इतके दांडू मागतो आणि मागितलेले मापून भरले नाहीत तर डाव जातो. गोट्यांतही नेम आणि टप्पा यांचाच अभ्यास असतो. आपल्याच राज्यातील साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड तिरंदाजीचे विश्वविजेते झाले. त्यांचे लक्ष्य ५० मीटरवर ठरलेले, परंतु वारा ठरलेला नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. अशा उघड्या मैदानांवर वाऱ्याची दिशा कळावी म्हणून लहान निशाणे लावलेली असतात. ती फडफड वाचणे हा सरावाचाच भाग असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. काही महिन्यांपूर्वी एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. तो जिन्यावरून वारंवार पडे, चेंडू झेलताना हात नेमके उशिरा मिटे, वाढताना वरण ताटाबाहेर सांडे. घरचे त्याला 'धांदरट' म्हणत. डोळ्यांविषयी विचारताच आजी म्हणाल्या, "डोळ्याला काय झालंय, डॉक्टरसाहेब? मोबाइलातल्या गोल्फात समद्यायला हरवतंय की ते." उजवा डोळा झाकला तेव्हा भिंतीवरील दिनदर्शिकेचे मोठे आकडेही त्याला वाचता येईनात. पुढे नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत डाव्या डोळ्याचा मोठा नंबर आणि मंददृष्टी निष्पन्न झाली.

मंददृष्टीला बोलीभाषेत 'आळशी डोळा' म्हणतात. एका डोळ्याचा नंबर फार अधिक असला, डोळा तिरळा असला किंवा जन्मजात मोतीबिंदूसारखा अडथळा असला, तर मेंदू त्या डोळ्याच्या अस्पष्ट चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे चष्मा दिला तरी तो डोळा लगेच स्पष्ट पाहत नाही, कारण पाहण्याची सवयच घडलेली नसते. दोन चित्रे नीट जुळत नसल्याने खोलीचे ज्ञान उणे पडते. मुलाची तक्रार मात्र नसते. एका चांगल्या डोळ्याने त्याला सारे दिसते, आणि जग असेच असते असे त्याला वाटते. पडदा तर सपाटच. तेथे एक डोळा पुरेसा असतो आणि अंतर आकड्यांत लिहिलेले असते. म्हणून मोबाइलवरचे प्रावीण्य हे डोळे चांगले असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

या दोषावरील उपचार साधे आहेत. योग्य चष्मा, आणि तज्ज्ञांनी सांगितलेल्या वेळेपुरती चांगल्या डोळ्यावर पट्टी, जेणेकरून आळशी डोळ्याला काम करावेच लागेल. यश वयावर अवलंबून असते. सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाल्यास उत्तम. त्यानंतरही सुधारणा होऊ शकते, पण वाट अधिक बिकट होत जाते. त्या मुलाची पट्टी सध्या चालू आहे. सुधारणा आहे, तथापि ती किती होईल हे आज सांगता येणार नाही. तो पाच वर्षांचा असताना कोणी एक डोळा झाकून पाहिला असता, तर हे उत्तर अधिक निश्चित देता आले असते.

घरी दोन कसोट्या करून पाहाव्यात. पहिली: मुलाला दिनदर्शिकेपासून दहा फुटांवर बसवून तळहाताने आळीपाळीने एकेक डोळा झाकावा आणि आकडे वाचावयास सांगावे. डोळ्यावर दाब देऊ नये. एक डोळा झाकल्यावर मूल रडले, हात बाजूला सारू लागले किंवा मान वळवून डोकावू लागले, तर ती खूण समजावी. दुसरी: एक पेन्सिल तुम्ही उभी धरावी आणि मुलाने आपल्या पेन्सिलीचे टोक वरून खाली आणून तुमच्या पेन्सिलीच्या टोकाला टेकवावे. दोन्ही डोळे उघडे असताना हे बहुधा सहज जमते आणि एक डोळा मिटला की नेम चुकतो. दोन्ही डोळे उघडे असूनही वारंवार चुकत असेल, तर तपासणी करून घ्यावी. या कसोट्यांनी निदान होत नाही, आणि त्या जमल्या म्हणून तपासणी टाळूही नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वा सरकारी शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पुढील तपासणीसाठी नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत.

खेळाविषयीही चार शब्द. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते. त्यामुळे डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे. दररोज दोन तास उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचे, म्हणजे दूरचे न दिसण्याचे प्रमाण कमी आढळते. घरातल्या दिव्याची सर उन्हाच्या उजेडाला येत नाही. चेंडू खड्ड्याच्या काठावरून परत फिरला, की 'आणखी एकच डाव' असे वाटतेच. ही हुरहूर खेळ रचणाऱ्यांना पक्की ठाऊक असते. म्हणून वेळ मिनिटांत ठरवण्याऐवजी डावांत ठरवावी. तीन डाव म्हणजे तीनच. झोप, शाळा, जेवण सोडून मूल खेळू लागले, नुकसान दिसत असूनही थांबता येईना, आणि हे महिनोन्महिने चालले, तर जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या अवस्थेला विकार म्हणून स्थान दिले आहे, हे ध्यानात घ्यावे. अशा वेळी मुलाला मारझोड न करता डॉक्टरांकडे आणावे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे. मोबाइलवरील देयकाचा सांकेतिक क्रमांक मुलांच्या हाती असू नये, हे त्याहून सोपे.

या रविवारी मुलाला घेऊन गावाबाहेर माळावर जा. समोरचे बाभळीचे झाड किती पावलांवर आहे, ते आधी दोघांनीही सांगा आणि मग चालत मोजा. मातीची चिमूट सोडून वारा कोणीकडचा आहे तेही पाहा. तत्पूर्वी मात्र घरातच, न्याहारीच्या वेळी, एकेक डोळा झाकून दिनदर्शिका वाचून घ्या.