घरातली पेटी कोणाच्या आज्ञेत?

तुमच्या घरी इंटरनेट आले असेल तर दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यात दोन-तीन शेंड्या उभारलेली एक पेटी रात्रंदिवस लुकलुकत असेल. तिला राउटर म्हणतात एवढे तुम्हाला ठाऊक असते. पण ती पेटी म्हणजे एक पुरा संगणक आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तिला पडदा नाही व कळफलक नाही, इतकेच. आत प्रोसेसर आहे, स्मृती आहे आणि त्या स्मृतीत कायमची साठवलेली आज्ञावली आहे. हिलाच फर्मवेअर म्हणतात. कोणती माहिती आत सोडावी, कोणती अडवावी, कोणाचा क्रमांक आधी लावावा, हे सारे ती ठरवते. माझे मत असे आहे की, ही आज्ञावली वाचण्याचा व बदलण्याचा हक्क पेटी विकत घेणाऱ्याला असला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना हे कोठून सुचले? झाले असे की, आमच्या राउटरसाठी सुधारित आज्ञावली देणे कंपनीने बंद केले. पेटी ठणठणीत होती, पण आज्ञावलीत उद्या एखादे छिद्र सापडले तर ते बुजवणारे कोणी उरले नाही. दुकानदार म्हणाला, "सर, नवीन घेऊन टाका." पंखा जुना झाला म्हणून आपण त्याला तेल द्यायचे थांबवत नाही. मग चालू पेटी कचऱ्यात का टाकायची?

शोध घेता एक जुनी हकीकत हाती लागली. अमेरिकेतील लिंक्सिस या कंपनीने 2002 च्या अखेरीस डब्ल्यूआरटी-54-जी नावाचा राउटर बाजारात आणला. 2003 मध्ये काही जिज्ञासूंना आढळले की, त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्स कोणीही फुकट वापरावे, पण त्याच्या परवान्यात एक अट आहे. जो ते इतरांना देईल त्याने माणसाला वाचता येईल अशी मूळ आज्ञावलीही दिली पाहिजे. लोकांनी तगादा लावला आणि त्याच वर्षी कंपनीने ती खुली केली. म्हणजे हे काही दान नव्हे, करारातील अट पाळणे होते. या आज्ञावलीच्या आधाराने 2004 मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो. गंमत पाहा, 2005 मध्ये कंपनीने त्या राउटरची स्मृती निम्मी करून आत दुसरीच बंदिस्त प्रणाली घातली. पण लिनक्सवाल्या पेटीला मागणी इतकी की, ती वेगळ्या नावाने पुन्हा विकावी लागली!

आता खुल्या आज्ञावलीचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने पाहू. राउटर येणाऱ्या माहितीचे लहान लहान गठ्ठे रांगेत उभे करतो आणि एकेक पुढे सोडतो. स्मृती स्वस्त झाली तशी निर्मात्यांनी रांगेची जागा वाढवली. हेतू हा की एकही गठ्ठा वाया जाऊ नये. हिशेब करा. रांग 256 किलोबाइटांची आहे आणि बाहेर जाणारा वेग सेकंदाला 1 मेगाबिट आहे. 256 गुणिले 8 म्हणजे 2048 किलोबिट. रांग भरली की शेवटच्या गठ्ठ्याला सुमारे 2 सेकंद तिष्ठत बसावे लागणार! दादा मोठी चित्रफीत वर चढवत असताना आत्याशी चाललेले बोलणे तुटक का होते, याचे एक कारण हे.

जिम गेटिस या अभियंत्याला 2010 मध्ये स्वतःच्या घरीच हा प्रकार जाणवला. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला. रांग किती लांब आहे ते पाहू नका, गठ्ठा किती वेळ उभा आहे ते पाहा. 100 मिलिसेकंदांच्या अवधीत ही वाट पाहणे एकदाही 5 मिलिसेकंदांच्या खाली आले नाही, तर काही गठ्ठे खुशाल टाकून द्या. पाठवणारा आपोआप सावकाश होतो. गठ्ठे फेकून वाहतूक सुधारते, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण तसे घडते. ही कल्पना साध्या घरगुती राउटरांत घालून पारखता आली, कारण ओपन-डब्ल्यूआरटीची आज्ञावली खुली होती. कुलूपबंद पेटीत कल्पना कितीही चांगली असली तरी घालणार कशी?

या हक्काला निर्मात्यांचा एक आक्षेप आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. राउटर हा रेडिओ-प्रेषकही आहे. कोणी आज्ञावली बदलून त्याची शक्ती बेकायदा वाढवली तर शेजाऱ्यांना उपद्रव होईल. खरे आहे. पण त्यासाठी रेडिओच्या भागाला कुलूप घालावे, सबंध पेटीला का? अमेरिकेत 2016 मध्ये टीपी-लिंक कंपनीने तेथील संचार आयोगाशी तडजोड केली, तेव्हा शक्तीच्या मर्यादेचा भंग झाल्याबद्दल 2 लाख डॉलर तर भरलेच, शिवाय मर्यादा पाळूनही बाहेरची आज्ञावली कशी चालू देता येईल हे शोधण्याचे कबूल केले. मला हीच वाट योग्य वाटते.

मात्र हे वाचून लगेच घरची पेटी उघडू नका. इंटरनेट देणाऱ्याने दिलेली पेटी बहुधा त्याच्याच मालकीची असते. तिला हात लावू नये. स्वतःची असली तरी घरच्यांना विचारा. नमुना-क्रमांकच नव्हे, तर आवृत्तीचा क्रमांकही जुळला पाहिजे. स्मृती फार थोडी असेल तर नाद सोडावा. तो मूळ डब्ल्यूआरटी-54-जी देखील आता नव्या आवृत्त्यांना पुरत नाही. आणि नवी आज्ञावली लिहिली जात असताना वीज जाता कामा नये. माझी पहिली पेटी भारनियमनानेच घालवली. दुसरी सुरळीत चालली आहे. पहिली प्रयोगशाळेत उघडून ठेवली आहे.

रांगेचा प्रयोग मात्र कोणालाही करता येईल. संगणकावर पिंग ही आज्ञा देऊन येण्याजाण्याचा वेळ टिपून ठेवा. मग मोठी फाइल वर चढवायला लावून पुन्हा टिपा. प्रत्येक वेळी निदान वीस वाचने घ्या, आणि शिक्षकांनी दोन्हींचे आलेख वर्गात शेजारीशेजारी लावावेत.