टपाली मतांची मोजणी : परिपत्रक नको, नियम हवा

४ जून २०२४ रोजी मुंबई वायव्य मतदारसंघात केवळ मतदानयंत्रांतील मतांची बेरीज पाहिली, तर अमोल कीर्तिकर हे रवींद्र वायकर यांच्यापेक्षा एका मताने पुढे होते. टपाली मते त्यात मिळवली गेली आणि वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. दोघांना मिळून नऊ लाखांवर मते पडलेल्या या लढतीत खासदार कोण, हे टपालाच्या पाकिटांनी ठरविले. बाद ठरलेल्या १११ टपाली मतांची फेरतपासणीही झाली. विजयाचे अंतर बाद टपाली मतांहून कमी असेल, तर ती आयोगाच्या सूचनांनुसार बंधनकारकच असते.

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ५४अ सांगतो की, टपाली मते प्रथम हाती घ्यावीत. ती संपवावीत केव्हा, याविषयी तो मौन बाळगतो. ही पोकळी आयोगाने परिपत्रकांनी भरली. टपाली मोजणी आटोपल्याखेरीज यंत्रांची उपान्त्य फेरी सुरू करू नये, असा दंडक पूर्वी होता. मे २०१९ मध्ये, मतमोजणी तोंडावर आली असताना, तो मागे घेण्यात आला. सैनिकांच्या मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाऊ लागल्याने टपाली मते वाढली होती आणि त्यांच्या पडताळणीस वेळ लागे, हे खरे. जून २०२४ मध्ये विरोधी पक्षांनी टपाली निकाल आधी जाहीर करण्याची मागणी आयोगापुढे मांडली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने जुनाच दंडक, टपाली मोजणीच्या केंद्रापुरता, पुन्हा आणला. सहा वर्षांत दोनदा दिशा बदलली, नियमाचे अक्षरही न बदलता!

परिपत्रकामुळे लवचिकता राहते, हा युक्तिवाद प्रशासनातील मंडळींना पटण्याजोगा आहे. परंतु खेळ रंगात आला असता बदलणारा नियम हरणाऱ्याच्या मनात संशयच पेरतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची रीत निराळी. फ्लोरिडात टपाली पाकिटांची छाननी मतदानाच्या दिवसाआधीच सुरू होते. पेनसिल्व्हेनियात त्या दिवशी सकाळी सातपूर्वी ती उघडता येत नाहीत. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियातील ट्रम्प यांची रात्रीची आघाडी टपाली मतांनी चार दिवसांत पुसली गेली आणि त्या विलंबावर घोटाळ्याच्या आरोपांचे इमले रचले गेले. आपल्याकडे देशभर एकच आयोग आणि एकच नियमावली आहे, हे मोठे भाग्य. मग कळीचा मुद्दा नियमावलीबाहेर का ठेवावा?

दुसरी बाब बाद मतांची. निवडणूक कामावरील कर्मचाऱ्याचे मत बहुधा राजकीय कारणाने नव्हे, तर नमुना १३अ मधील प्रतिज्ञापत्रावर सही वा साक्षांकन नाही, अथवा मतपत्रिकेचा अनुक्रमांक जुळत नाही, अशा कारणाने बाद होते. (ज्यांचा जन्म नमुने भरण्यात गेला, त्यांच्याच हातून हे घडावे, हा दैवदुर्विलास.) नमुना २० या अंतिम निकालपत्रकात बाद मतांची संख्या मिळते, कारण मिळत नाही. मतदारसंघनिहाय कारणांचा तक्ता निकालासोबतच प्रसिद्ध करण्यास फारसा खर्च येणार नाही.

टपाली मतदारांचे वर्तुळ वाढतच जाणार आहे. ८० वर्षांवरील नागरिक आणि दिव्यांग यांना २०१९ मध्ये ही सोय मिळाली. २०२४ मध्ये वयाची अट ८५ झाली. विस्थापित काश्मिरी मतदारांना जम्मू, उधमपूर व दिल्लीत मतदानाची व्यवस्था आहे. मात्र पोटासाठी स्थलांतर केलेल्याला ती नाही. त्यांच्यासाठीचे, ७२ मतदारसंघ हाताळू शकणारे दूरस्थ मतदानयंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे चर्चेला आले आणि विरोधामुळे मागे पडले. दिल्लीतील लातूरकराने एक तर इथे नाव नोंदवावे, नाही तर रेल्वेचे आरक्षण करावे. त्याच्या हाती उद्या टपाली मतपत्रिका पडली, तर पाकिटांची संख्या आजच्या कित्येक पट होईल. नियम ५४अ मधील दुरुस्ती त्याआधी व्हायला हवी.